साडेसहाचा बिघाड आणि दहाचे गॅरेज

गाडी सुरूच होत नसेल तर ती ओढून नेता येते. ब्रेक लागत नसेल तर मिस्त्री स्वतः एक फेरी मारतो आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत येतो. परंतु इंजिन सकाळी थंड असताना सुरू केले की पहिली काही मिनिटे थरथरते, रेस आपोआप वर-खाली होते, मध्येच गाडी बंद पडते आणि त्यानंतर दिवसभर निमूटपणे चालते, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाकडे पुरावा मागितला जातो. आणि तो त्याच्यापाशी नसतो, कारण गॅरेजपर्यंत गाडी चालवत आणताना त्याने तो स्वतःच गरम करून नष्ट केलेला असतो.

माझी गाडी २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी आहे. डिसेंबर सरत आला, निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा वर्तमानपत्रात रोज चौकटीत छापून येऊ लागला आणि आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरील सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचे हे प्रकार सुरू झाले. सकाळी साडेसहाला मुलीला शाळेत सोडण्यासाठी सेल मारावा, तर इंजिन चालू होई, पण त्याच्या चारही सिलिंडरांमध्ये एकमत नसे. गिअरचा दांडा थरथरू लागे, आरशात मागची भिंत दुहेरी दिसे आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती नकारार्थी मान हलवू लागे. अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून तिला जागे ठेवावे लागे. पाय उचलला की ती बंद. आयटीआय सिग्नल येईपर्यंत मात्र सारे सुरळीत होई, आणि तेथून पुढे ती इतकी सालसपणे चाले की आपल्यालाच भास झाला असावा, असे वाटावे.

पार्किंगमध्ये गाडी थरथरत उभी असली की निदान करणाऱ्यांची वाण पडत नाही. आमच्या विंगमधील एक काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि सकाळच्या फेरफटक्याला ते याच वेळी निघतात. मफलर सोडून, बॉनेटवर कान टेकवून त्यांनी पहिल्याच दिवशी निर्णय दिला, "प्लग. आम्ही मिग बनवलेत, मला आवाजावरून कळतं." ओझरला विमानांची बांधणी होत असे आणि मिगची इंजिने ओडिशातील कोरापूटच्या कारखान्यातून येत, हा तपशील मला ठाऊक होता, पण शेजारधर्म म्हणून मी तो कधी पुढे काढला नाही. दुसऱ्या एका गृहस्थांनी जुन्या पद्मिनीचा चोक आठवून उसासा टाकला आणि तो दांडा ओढला की बर्फातही गाडी कशी सुरू होई, हे साभिनय सांगितले. बर्फ त्यांनी नेमका कोठे पाहिला, हे विचारण्याइतका वेळ शाळेने मला ठेवला नव्हता. तिसऱ्यांचा रोष पेट्रोलमधील इथेनॉलवर होता. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही, कारण इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि थंड इंजिनात ती आणायची कोठून, हा प्रश्न खराच आहे. पण तेच पेट्रोल पिऊन आलेल्या पार्किंगमधील बाकीच्या गाड्या शांतपणे निघून जात होत्या. माझे साडू पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार आहेत, त्यांनी फोनवर सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आम्ही इथं रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसलोय, आणि तुम्ही गाडीची थंडी काय सांगता?"

या साऱ्यांत एका गोष्टीवर एकमत होते: गाडीला थंडी बाधते. मलाही ते पटले होते.

गॅरेज सातपूरला आहे आणि ते दहाला उघडते. मिस्त्री माणूस चांगला, हाताचा सच्चा. पण त्याच्यासमोर गाडी उभी करताच तिचा आवाज असा काही मुलायम येई की तक्रार करताना माझीच जीभ अडखळू लागे. तो बॉनेट उघडून, हात पुसत म्हणे, "सर, एकदम मख्खन चाललंय." मग मी तोंडाने सकाळचा आवाज काढून दाखवी. हा प्रयोग गॅरेजमधील पोरांना इतका आवडला की पुढच्या खेपेस, मी गाडीतून उतरण्यापूर्वीच, त्यांनी हातातले पाने खाली ठेवले. गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारा स्कॅनर लावला तर एकही दोष नोंदलेला नाही. मग अनुभवाच्या जोरावर कामे सुरू झाली. प्लग बदलले, कारण त्यांचे आयुष्य झालेच होते. थ्रॉटल बॉडी साफ झाली, कारण तिच्या झडपेभोवती काजळीचे काळे कडे जमले होते, आणि अशा काजळीने मंद चालीवरची हवा अडते, हे खरेच आहे. एअर फिल्टर बदलला गेला, तो बहुधा ओघात. या प्रत्येक कामानंतर गाडी दुपारी अधिक चांगली चालू लागली, जेव्हा ती मुळातच चांगली चालत होती.

मिस्त्रीने सकाळी साडेसहाला माझ्या घरी यावे, अशी सूचना मी करून पाहिली. "सर, एवढ्या सकाळी माझंच इंजिन लागत नाही," असे म्हणून त्याने विषय संपवला. पण त्याच बोलण्यात त्याने तोड काढली: गाडी रात्रभर गॅरेजमध्ये राहू द्यावी, सकाळी आपण दोघे येईपर्यंत कोणीही किल्ली फिरवायची नाही. ही युक्ती इतकी साधी होती की आधीच्या सर्व बिलांकडे पाहून मला किंचित भरून आले.

सकाळी शटर वर झाले तेव्हा सातपूरच्या त्या गल्लीत अजून धुके होते. मिस्त्रीने स्कॅनर जोडला आणि सेल न मारता किल्ली फक्त एक घर फिरवली. तो म्हणाला, "रात्रभर उभ्या गाडीत सगळं सारखंच थंड झालेलं असतं. हवेचं तापमान आणि कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान जवळजवळ एकच दिसायला पाहिजे." पडद्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान होते १३ अंश. त्याखालच्या ओळीत कूलंटचे तापमान होते ४२. आम्ही दोघांनीही, काही एक न बोलता, रेडिएटरला हात लावून पाहिला. तो बर्फासारखा होता. म्हणजे गाडी उभी होती जानेवारीतल्या नाशकात आणि तिच्या संगणकाच्या समजुतीप्रमाणे ती मे महिन्यातल्या जळगावात होती.

इतके दिवस गाडीला थंडी बाधते म्हणून सारे हळहळत होते, आणि तिला थंडीचा पत्ताच नव्हता. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरेचसे पेट्रोल थंड धातूवरच चिकटून राहते. म्हणून संगणक सुरुवातीला नेहमीपेक्षा अधिक पेट्रोल सोडतो आणि इंजिनाची चालही वाढवतो. जुन्या गाडीत हे काम चोक करी. किती अधिक सोडायचे, हे तो मुख्यतः कूलंटच्या तापमानावरून ठरवतो, कारण जळलेल्या वायूवरून मिश्रणाची पारख करणारा ऑक्सिजन सेन्सर स्वतः सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय धड काही सांगत नाही. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत सारी भिस्त कूलंटचे तापमान मोजणाऱ्या एका सेन्सरच्या शब्दावर, आणि तो सांगत होता की उन्हाळा आहे. संगणकाने प्रामाणिकपणे हात आखडता घेतला. मिस्त्रीने सेल मारला तेव्हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बाराशेवर जाण्याऐवजी थेट आठशेवर येऊन बसला आणि गॅरेजमधील पोरांनी, मी तोंडाने काढत असे तो आवाज, प्रथमच मुळाबरहुकूम ऐकला. "सेम टू सेम," त्यातील एक जण म्हणाला. ती दाद मी स्वीकारली.

दोष स्कॅनरमध्ये का नोंदला गेला नाही, हेही मग उलगडले. तार तुटली किंवा शॉर्ट झाली आणि अशक्य आकडा आला, तरच माझ्या गाडीचा संगणक सेन्सरवर संशय घेतो. ४२ हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे, विशेषतः खानदेशात. मिस्त्रीने सेन्सरला तारा जोडणारे कपलर हलक्या हाताने ओढून काढले. आतल्या दोन पिनांभोवती हिरवट, ओलसर पूड साचली होती. सेन्सरच्या शिवणीतून झिरपलेले कूलंट तेथपर्यंत पोहोचले होते आणि दोन पिनांमध्ये विजेला एक चोरवाट मिळाली होती. या सेन्सरचा रोध थंडीत काही हजार ओहम असतो आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहमवर उतरतो. थंडीत मुख्य रस्ता अवघड असल्याने वीज चोरवाटेने जाई आणि रोध कमी, म्हणजेच तापमान जास्त भासे. इंजिन तापले की मुख्य रस्ताच इतका सोपा होई की चोरवाटेने फारसा फरक पडत नसे. म्हणून दुपारी आकडा जवळपास खरा आणि सकाळी साफ खोटा.

नवा सेन्सर काहीशे रुपयांचा होता, प्लगांच्या संचापेक्षा कितीतरी स्वस्त. कपलर साफ करून, सेन्सर बसवून, कमी झालेले कूलंट भरून काम चहा येण्याआधी संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच काटा बाराशेच्या वर गेला आणि हळूहळू, दमाने खाली उतरला. गणपती स्थिर होता. काका फेरफटक्याला निघाले होते; त्यांनी थांबून कान दिला, मान डोलावली आणि विचारले, "प्लग बदललेत ना?" बदलले होते, हे खरेच असल्याने मी हो म्हणालो. आता तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाडीचे सकाळी काहीतरी बिनसले आहे आणि तिच्या मालकांना प्लग बदलण्याचा सल्ला देताना ते माझ्या गाडीचा दाखला देतात.