गाव निवडताना घ्यावयाची काळजी (फक्त साडेसहा फुटांवरच्या वाचकांसाठी)

वर्षाला दोन-चार कोटी डॉलर मिळायची शक्यता आहे, पण राहायचं कुठे हे ठरत नाही? घाबरू नका. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, ३० संघ आहेत, कुठेतरी तुमची सोय होईलच.

हवापाणी, शेजार, शाळा असल्या किरकोळ गोष्टी नंतर बघू. आधी सीएला फोन लावा. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के. म्हणून मायामीला जाताना कारण विचारलं तर ‘समुद्राची ओढ’ म्हणायचं. २०१० मध्ये बास्केटबॉलचा बडा तारा लेब्रॉन जेम्सने तर मायामीला निघाल्याची घोषणा करायला टीव्हीवर खास कार्यक्रम केला. त्याच्या जुन्या संघाच्या गावात, क्लीव्हलँडमध्ये, त्याच्या जर्सी जळल्या. तिथल्या संघाच्या मालकाने खुलं पत्र लिहून त्याचा उद्धार केला, तोही कॉमिक सॅन्स फॉन्टमध्ये. (एवढा संताप, आणि अक्षर बारशाच्या आमंत्रणाचं!) २०१४ मध्ये स्वारी परतली, २०१६ मध्ये विजेतेपद आलं, आणि तोच लेब्रॉन पुन्हा घरचा लेक झाला.

कर वाचला म्हणून मात्र लगेच पेढे वाटू नका. १९९१ मध्ये शिकागो बुल्सने लॉस एंजेलिसला जाऊन लेकर्सना हरवलं, तर कॅलिफोर्नियाने बुल्सच्या मायकेल जॉर्डन आणि मंडळींकडे तिथे घालवलेल्या दिवसांचा कर मागितला. शिकागोच्या इलिनॉय राज्यानेही कायदा करून उट्टं काढलं. आता बहुतेक राज्यांत पाहुण्याला चहा विचारायच्या आधी पावती फाडतात. मोसमातल्या ८२ सामन्यांपैकी ४१ परगावी असतात, तेव्हा समुद्र बघायचा तो उरलेल्या वेळात.

‘राहण्याजोगं शहर’ म्हणून कुणी कॅनडातलं व्हँकुव्हर सुचवेल. डोंगर, समुद्र, स्वच्छ हवा. जगभरच्या याद्यांत नाव वर. १९९९ मध्ये तिथल्या संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वाटपात) स्टीव्ह फ्रान्सिसला निवडलं, तर पठ्ठ्याने जायलाच नकार दिला आणि ह्यूस्टन गाठलं. २००१ मध्ये तर अख्खा संघच मेम्फिसला निघून गेला. याद्या करणाऱ्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

मिलवॉकीला कुणी हौसेने जात नाही म्हणतात. तिथली थंडी बघता त्यात तथ्य असावं. यानिस आंतेतोकुंपो मात्र तिथेच राहिला, २०२१ च्या शेवटच्या सामन्यात ५० गुण करून विजेतेपद मिळवलं आणि दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह-थ्रूमध्ये मोजून ५० चिकन नगेट्स मागवले. असली उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवू नका, निवडीचा सगळा हिशोब बिघडतो.

एवढं करून गाव ठरलंच, तर पडदे घाईने शिवू नका. लुका डॉनचिचने २०२४ मध्ये डॅलसला अंतिम फेरीत नेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रातोरात त्याचा ट्रेड, म्हणजे संघांमधली अदलाबदल, झाला, त्याला न विचारता. लॉस एंजेलिस मिळालं. समुद्र आहे, ऊन आहे, आणि १३.३ टक्केही.