मेन बंद हाय न्हवं?

कोल्हापूरच्या एमआयडीसीत, शिरोलीत असा नाहीतर गोकुळ शिरगावात, मशीन दुरुस्तीला घेताना पहिला नियम पाळा: मेन स्विचला कुलूप लावायचं नाही. कुलपं किमती वस्तूंसाठी असतात. स्टोअरमधल्या पान्यांच्या कपाटाला असतं, ऑफिसातल्या साखरेच्या डब्यालाही असतं. फाउंड्रीच्या सँड मिक्सरमध्ये, म्हणजे ओतकामाची वाळू कालवणाऱ्या मशीनमध्ये, उतरलेला माणूस कुठं चोरीला जातोय?

त्याच्यासाठी हाक पुरे. मिक्सरच्या तोंडाशी वाकून ओरडायचं, "मेन बंद हाय न्हवं?" फर्नेसच्या घरघरीतनं कुणीतरी "हाय, हाय!" म्हणतं. तो मेनला हाय म्हणाला की चहाला, याची चौकशी न करता पात्यांना चिकटलेली वाळू खरवडायला लागावं. फारच भित्रे असाल तर पुठ्ठ्यावर खडूनं 'काम चालू आहे' लिहून पॅनेलला अडकवा. शिफ्ट बदलली की येणारा ऑपरेटर त्याच पुठ्ठ्यानं वारा घेतो.

अमेरिकेनं १९८९ साली मेनला कुलूप लावायचाच नियम केला. आत चौघं असतील तर चार कुलपं, ज्याची किल्ली त्याच्या खिशात. शिवाय मेन बंद केल्यावर स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय का! एवढा अविश्वास आपल्या मातीत नाही. आपल्याकडं २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातलं कलम २२ तरी काय म्हणायचं? चालत्या मशीनला हात लावणारा प्रशिक्षित हवा, नाव रजिस्टरात हवं, अंगात घट्ट कपडे हवेत, आणि ते कपडे मालकानं द्यायचे. हे शेवटचं वाचून मालकांना ठसका लागायचा, म्हणून कुणी मोठ्यानं वाचायचं नाही.

वीज गेली की सगळं गेलं, असंच धरून चाला. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधले कपॅसिटर नंतरही काही मिनिटं चार्ज धरून बसतात, बसू देत. अॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या टाकीत, तेलाचा दाब असतो, सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते. ती सोडत बसलं तर प्रॉडक्शन कोण काढणार? प्रेसची रॅम, म्हणजे वरखाली होणारा जड भाग, वर अडकली असेल तर खाली टेकू लावू नका. ती अख्खी शिफ्ट तिथंच थांबलीय, आत्ताच कशाला पडेल?

एवढं करूनही मन खात असेल, तर आयसोलेटरचं, म्हणजे त्या मेन स्विचचं, हँडल नीट बघा. कुलूप अडकवायला बनवणाऱ्यानं त्याला भोक ठेवलेलं असतं. त्यात लिंबू-मिरची ओवा, आणि दर शनिवारी न चुकता बदला.