दुखायचं थांबलं म्हणजे रूट कॅनल झालं असं नाही

आज दुपारी एका काकांची दाढ काढावी लागली, तेव्हापासून डोकं तापलंय. तासगावकडचे बागायतदार. खालची पहिली मोठी दाढ. गेल्या जानेवारीत रूट कॅनल सुरू केलं होतं, दोनदा आले, मग द्राक्षांची गडबड सुरू झाली आणि गायब. आज आले ते दाढ उभी चिरून घेऊनच. चीर थेट मुळात उतरलेली, वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वर बाहेर बाकड्यावर बसलेल्या ताईंना सांगतात, "रूट कॅनलच्या नादाला लागू नका. पैसे बी गेले आणि दाढ बी."

"काका, मधे आला का नाही?"

"दुखायचंच थांबलं की वो. मग कशाला यायचं?"

या "कशाला यायचं"चं उत्तर आज सविस्तर लिहिते. प्रत्येकाच्या घरात असे एक काका असतातच.

दाताच्या मधोमध पोकळी असते, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड तिथवर पोचली की आत सूज येते, पण चारी बाजूंनी टणक भिंती, फुगायला जागाच नाही. म्हणून ती ठणक. आडवं झालं की वाढते, गरम चहाचा घोट गिळून झाला तरी दाढ ठणकतच राहते. काही दिवसांनी नस मरते आणि दुखणं एकदम बंद. लोकांना वाटतं, बरं झालं. आत जंतू मजेत असतात. ते मुळाच्या टोकातून बाहेर पडून जबड्याचं हाड खायला लागतात, आणि एक्स-रेत तिथे काळा डाग दिसतो.

मग मेडिकलमधून अँटिबायोटिक. अहो, गोळी रक्तातून जाते. मेलेल्या नसेत रक्त येतंय कुठून? गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर गोळ्या लागतात, मान्य. पण त्या बाहेर पसरलेल्यासाठी. आतली घाण हातानंच काढावी लागते. आणि दाढेत तंबाखूची गुळणी धरणाऱ्यांबद्दल मी आज बोलणारच नाही.

आत नेमकं काय करतो ते सांगते. आधी इंजेक्शन देऊन भाग बधिर करायचा. दाढ फारच ठणकत असेल तर नेहमीचा डोस पुरत नाही, सुजलेल्या नसेवर औषध नीट चढत नाही. तेव्हा "अजून लागतंय" हे हात वर करून सांगा, दात-ओठ खाऊन सोसू नका. मग दाताभोवती रबराचा पडदा लावायचा, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध किंवा फाइल, म्हणजे आतून घासायची सुईसारखी बारीक कानस, घशात जात नाही. वरून भोक पाडून कॅनलची, म्हणजे मुळातल्या नसेच्या बारीक नळ्यांची, तोंडं शोधायची. खालच्या पहिल्या दाढेत सहसा तीन, बऱ्याचदा चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनल असतोच असं समजून शोधावं लागतं, कारण तो केसाएवढा आणि आडबाजूला लपलेला असतो. तो सुटला की वर्षा-दोन वर्षांनी तीच दाढ पुन्हा दुखते.

पहिली फाइल १० नंबरची, म्हणजे टोकाला ०.१० मिलिमीटर. दाढेची लांबी साधारण २०-२२ मिलिमीटर. टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं असतं, म्हणून मशीन आणि एक्स-रे दोन्हींवर लांबी बघतो. कमी गेलो तर घाण उरते, जास्त गेलो तर हाडात टोचतं. कॅनल वाकडा असेल तर वळणावर फिरणारी फाइल थकून तुटूही शकते, कितीही जपलं तरी. तुटली तर पेशंटला सांगायचं, लपवायचं नाही.

पण खरी सफाई फाइल करत नाही, औषधाचं पाणी करतं. फाइल न पोचणारे कोपरे आत पुष्कळ असतात. ३ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट पुन्हापुन्हा, हळूहळू सोडायचं. जोरात दाबलं आणि मुळाबाहेर गेलं तर पेशंटचा चेहरा मिनिटांत सुजतो. क्लिनिकमधला तो क्लोरीनचा वास याचाच.

काकांचं एवढं झालं होतं. कॅनल साफ, आत कॅल्शियमचं औषध, वर तात्पुरतं सिमेंट. हे सिमेंट दोन-तीन आठवड्यांच्या बोलीवर असतं. नंतर ते झिजतं, कडेनं थुंकी झिरपते आणि साफ केलेल्या कॅनलमध्ये जंतूंचा संसार पुन्हा सुरू. ते कॅनल गटापर्चानं, म्हणजे रबरासारख्या पदार्थानं, भरून कायमचे बंद करायचे राहिले. वरचं पक्कं सिमेंट राहिलं. कॅप तर फारच लांब.

आणि कॅपशिवाय दाढ का फुटते? नस काढल्यानं ती वाळते म्हणून नव्हे. किडीनं आणि आमच्या भोकानं मधला भाग गेलेला, उरल्या नुसत्या भिंती. चावताना समोरची दाढ मधोमध बसते, पाचर ठोकल्यासारखी. काका ऊस सोलत होते म्हणे, कट् आवाज आला. पुढच्या दाताला बऱ्याचदा नुसतं सिमेंट चालतं, पण मागच्या दाढेला कॅप हवीच.

बरं, खर्च होतो, नाही कुठं म्हणतेय. जतवरून येणाऱ्याला चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांची मजुरी, तेही खरं. मग पहिल्याच दिवशी तसं सांगा ना! नस जिवंत असेल, पू नसेल, सूज नसेल, तर एका बैठकीतही होतं. पैसे नसतील तर कॅप महिन्याभरानं करू, पण कॅनल आणि वरचं सिमेंट तरी पुरं करू. धातूची कॅप स्वस्त आणि मजबूत असते, मागच्या दाढेत कोण बघतंय?

राग काकांवर होता, पण लिहिता लिहिता आमच्याच लोकांवर यायला लागलाय. "आजपासून दुखणार नाही" एवढंच सांगून पाठवलं तर माणूस परत का येईल? रबराचा पडदा नाही, भरल्यानंतरचा एक्स-रे नाही, पेशंटला कळतच नाही की काम कुठवर आलंय. भरल्यानंतरचा एक्स-रे मागून घ्या. पांढरी रेघ मुळाच्या टोकाजवळ पोचलेली दिसायला हवी. घाबरतात हो माणसं. काका खुर्चीत टॉवेल मुठीत आवळून बसले होते. नजर जाईल का, असंही हळूच विचारलं. नाही जात काका, दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही.

ज्यांचं अर्धवट पडलंय, त्यांनी त्या बाजूनं चावू नका आणि या आठवड्यात डॉक्टरला दाखवा. भरल्यानंतर दोन-चार दिवस चावताना दुखेल, ते चालतं. सूज वाढली, ताप आला तर लगेच फोन. सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक्स-रे, हाड भरतंय का बघायला.

आणि मेसेंजरवर मोबाइलनं काढलेले दाढेचे फोटो पाठवू नका. त्यात मुळाचं टोक दिसत नाही.