आईचं दूध पिणाऱ्या पिल्लालाही लस लागतेच

थंडीत गल्लोगल्ली कुत्र्यांची पिल्लं दिसू लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं असतं : पिल्लू आईचं दूध पितंय तोवर त्याला आजार होत नाही, चार महिन्यांपर्यंत लस देऊ नका, नंतर एक इंजेक्शन पुरे, गावठी पिल्लांना तेही नको, आई नसेल तर गाईचा चीक पाजा, आणि इतक्या लहान पिल्लाला रेबीज नसतोच. यावर विसंबून पिल्लं मरतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आईकडून संरक्षण मिळतं, हे खरं. पण कधी आणि किती? माणसाच्या बाळाला बरीच प्रतिपिंडं, म्हणजे आजाराशी लढणारी रक्तातली प्रथिनं, पोटात असतानाच मिळतात. कुत्रीच्या वारेतून जेमतेम 5 ते 10 टक्केच पलीकडे जातात. बाकी सगळी मदार चिकावर, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधावर. पिल्लाच्या आतड्यातून ती रक्तात शिरतात तीही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच. साधारण 24 तासांत ही वाट बंद होते. पुढचं दूध पोट भरतं, आतड्यात थोडी राखणही करतं, पण रक्तातल्या साठ्यात भर घालत नाही. त्यामुळे महिन्याचं पिल्लू अजून दूध पितंय, यावरून ते सुरक्षित आहे असं ठरत नाही. शिवाय आईकडे असेल तेच ती देणार. जिला पार्वो या विषाणूची लसही मिळाली नाही आणि तो आजारही झाला नाही, तिच्या चिकात पार्वोविरुद्ध काहीच नसतं.

‘चार महिने थांबा’ हा सल्ला सगळ्यात घातक. आईची प्रतिपिंडं दर 8 ते 10 दिवसांनी साधारण निम्मी होत जातात. एखादं पिल्लू सहाव्या आठवड्यातच उघडं पडतं, त्याचंच पोटभर चीक प्यायलेलं भावंड बाराव्या आठवड्यापर्यंत तग धरतं. बाहेरून बघून दोघांतला फरक कळत नाही. मधे काही दिवस असेही येतात, की उरलेली प्रतिपिंडं विषाणूला अडवायला अपुरी असतात, पण लसीला निष्प्रभ करण्याइतकी असतात. 1978च्या सुमारास जगभर पसरलेला पार्वो नेमका याच काळात गाठतो. उलट्या, रक्ताची हगवण, आणि उपचार नसतील तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फिनाइलने तो जात नाही, ब्लीच लागतं.

एक इंजेक्शन का पुरत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. पहिला डोस वाया गेला की लागू पडला, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरिनरी असोसिएशन या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेचं वेळापत्रक असं आहे : 6 ते 8 आठवड्यांना सुरुवात, मग दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा 16 आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर. पुढे सहाव्या महिन्याच्या आसपास आणखी एक. अनेक घरांत दुसऱ्या डोसनंतर ‘झालं की आता’ म्हणून थांबतात. तसं थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गावठी पिल्लं काटक असतात म्हणे. आपल्याला दिसतात ती जगलेली. त्याच विणीतली बाकीची कुठे गेली, हे कुणी विचारत नाही.

गाईच्या चिकात गाईच्या आजारांविरुद्धची प्रतिपिंडं असतात. पार्वो, डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजारांशी त्यांचा संबंध नाही. अनाथ पिल्लाला पिल्लांसाठीची दूध पावडर द्या, ऊब द्या आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

राहिला रेबीज. त्याची लस पिल्लाला साधारणपणे 12 आठवड्यांनंतर देतात, पण त्याआधी रेबीज होत नाही असं अजिबात नाही. पिल्लाला पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल, तर त्याच्या इवल्याशा दातांतूनही रेबीज येऊ शकतो. मुलाला पिल्लाचा दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हळद-मिरची लावत घरी बसू नका.