‘शेत न पाहिलेल्या’ ताईचं उत्तर

नमस्कार. भाज्या धुण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘ताई, झाडाच्या आत भिनलेलं औषध धुऊन जात नाही. सोड्याचं पाणी म्हणजे खोटा दिलासा. प्रमाणही दिलेलं नाही. घरबसल्या लिहिणाऱ्यांनी शेत पाहिलेलं नसतं. सरकारनंच ही औषधं बंद करायला हवीत.’

प्रमाण राहिलं, हे कबूल. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे दोन लहान चमचे, आणि पाव तास भिजवणं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘शेत पाहिलेलं नसतं’? माझं माहेर देपालपूरकडचं. नववी-दहावीत फवारणीच्या दिवशी पंपात पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. वडील नाकाला पंचा बांधून फ्लॉवरच्या ओळींतून चालायचे. रात्री आंघोळ करून जेवायला बसले तरी हाताला तो वास असायचाच. पानांवर वाळलेले पांढरे ठिपके मी नखानं खरवडलेत. आणि भाव चढला म्हणून संध्याकाळी फवारलेला माल पहाटे इंदूरच्या मंडीत जाताना मी पाहिलाय, आमच्याच शेतातून. त्यावरून आईचं आणि वडिलांचं किती वाजायचं, ते मला माहीत आहे. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे डब्यावर लिहिलेलं असतं. वाचतं कोण?

ओळखदेख नसताना तुम्ही ‘घरबसल्या’ म्हणून मोकळे झालात. स्वयंपाकघरातून लिहिणाऱ्या बाईला काही ठाऊक नसणार, हे गृहीतच धरलंत. मुद्दा सांगायला एवढं बोचकारावं लागतं का?

आता भिनलेल्या औषधाचं. मॅसेच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून, एक दिवसानं ती सोड्याच्या पाण्यात ठेवली. सालीवरचं थायाबेंडाझोल १२ मिनिटांत गेलं, फॉस्मेटला १५ लागली. आत शिरलेलं तेवढं राहिलं: पहिल्याचं २० टक्के, दुसऱ्याचं ४.४. बाकीचं निघालं ना? मग ‘खोटा’ कसा? सगळंच जातं, असं मी कुठे लिहिलंय? उलट काकडी, दुधी सोलून घ्या, कोबीची बाहेरची पानं टाका, हे त्याच लेखात आहे. फ्लॉवर अख्खा बुडवू नका, तुरे सुटे करा, कारण पाणी बेचक्यांत पोचत नाही, हेही आहे. तुम्ही तिथवर वाचलंत का?

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नळाखाली भाजी धरून बसण्याची चैन मला नाही, म्हणून मी दोन पातेली वापरते, एक सोड्याचं, एक साध्या पाण्याचं.

सरकारनं काय बंद करावं, हा विषय मोठा आहे, माझ्या लेखाचा नव्हता. नातवाच्या डब्यात आज काय द्यायचं, हा होता.

पुढेही चुका जरूर दाखवा. माझ्या वडिलांच्या शेताबद्दल मात्र आधी विचारा, मग बोला.