दरमहा पाचशे, पण कुणाला?

मकरंदच्या कंपनीने पगारातून देणगी कापून घ्यायची योजना काढली आहे. दरमहा ठरावीक रक्कम कापली जाणार, कंपनी तेवढीच भर घालणार आणि पैसे यादीतल्या एका संस्थेला जाणार. यादी लांबलचक, निवडायची संस्था एक आणि मुदत शुक्रवारपर्यंत. रविवारी सकाळी कर्वे पुतळ्याजवळच्या कट्ट्यावर त्याने फोन आमच्यापुढे धरला. "पाचशे टाकतोय. कुणाला देऊ ते सांगा."

रफिकने यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "मुख्यमंत्री सहायता निधी. विषय संपला."

रफिकचं आजोळ सांगलीचं. २०१९च्या ऑगस्टमधला पूर त्याने मामाच्या गच्चीवरून पाहिला आहे. तो चाकणला ज्या कारखान्यात आहे, तिथे तेव्हा कामगारांनी एक दिवसाचा पगार दिला होता. "पाणी घरात शिरलं की कुठली संस्था चांगली हे बघायला वेळ नसतो. बोटी, तलाठी, पंचनामे, सगळं सरकारकडे असतं. पैसा तिथेच जाऊ दे."

"पूर आला की लोक देतातच रे," शुभदा म्हणाली. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. "माळीण आठव. ३० जुलै २०१४ ला डोंगर खाली आला आणि आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादरी, भांडी, तांदळाची पोती यांचा ढीग लागला. पुढच्या उन्हाळ्यात आपल्यातल्या कुणी त्या गावाची चौकशी केली? मकरंदचे पैसे मार्चमध्येही जाणार आहेत आणि नोव्हेंबरातही. वर्षभर चालणाऱ्या कामालाच ते जायला हवेत."

मला शुभदाचं पटलं, आणि वाद कितीही लांबला तरी मी तिथून हलले नाही. पगारातून कापलेल्या देणगीचं सगळं बळ ती न चुकता येण्यात आहे. वाढदिवसाची देणगी, पितृपक्षातलं अन्नदान, पुराची मदत, हे मन भरून आलं की दिलं जातं आणि दिलंच पाहिजे. पण संस्थेला पगार एक तारखेला करावे लागतात, किराणा दर आठवड्याला भरावा लागतो आणि वीजबिलाला कुणाचं मन भरून येत नाही. तिथे हे पाचशे रुपये उपयोगी पडतात.

मकरंदला वेगळीच शंका होती. "माझ्या शंभरातले किती मुलांपर्यंत पोचतात? एका संस्थेने लिहिलंय, प्रशासनावर फक्त चार टक्के खर्च. दुसरीने अठरा लिहिलंय. मग चारवाली बरी ना?"

इथे मला राहवलं नाही. माझी आत्या एका मुलींच्या वसतिगृहात कित्येक वर्षं रेक्टर होती. मुली खेड्यातून आलेल्या, बहुतेकींच्या घरात कॉलेजला जाणारी पहिलीच. रात्री अकराला एखादीला सणकून ताप भरला की आत्या तिला शालीत गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात न्यायची, सलाइन संपेपर्यंत शेजारी स्टुलावर बसायची आणि सकाळी सहाला दुधाचा हिशेब लिहायला परत हजर. संस्थेच्या जमाखर्चात तिचा पगार 'आस्थापना खर्च' या सदरात होता. मकरंदच्या हिशेबाने ती वाया गेलेल्या टक्क्यांत जमा!

त्याच वसतिगृहाला एका कंपनीने संगणक कक्ष करून दिला. उद्घाटन झालं, दारावर संगमरवरी पाटी लागली. काही वर्षांनी कंपनीचा प्रकल्प संपला. शिकवायला येणाऱ्या मुलाचं मानधन थांबलं, बंद पडलेल्या बॅटऱ्या बदलायला पैसे नव्हते, आणि धूळ बसू नये म्हणून आत्याने जुन्या साड्यांच्या खोळी शिवून संगणकांवर चढवल्या. यंत्रांसाठी पैसे आले होते, ती चालवणाऱ्या माणसासाठी आले नाहीत. देणगीदार पाटी बघून समाधानाने गेले. मला त्या खोळी आठवल्या की आजही संताप येतो.

काकांनी टक्क्यांचा मुद्दा उचलला. काका निवृत्त लेखापरीक्षक आहेत, धर्मादाय संस्थांची खाती तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "मकरंद, टक्का बघून फसू नकोस. शिक्षिकेचा पगार कार्यक्रम खर्चात दाखवला की प्रशासन चार टक्क्यांवर येतं. तोच आस्थापनेत दाखवला की अठरावर जातं. बाई तीच, पगार तोच."

"पण पाच टक्क्यांची मर्यादा आहे ना कायद्यात?" रफिकने विचारलं.

"ती तुझ्या कंपनीला आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. त्यातले पाच टक्क्यांपेक्षा जास्त कंपनीने स्वतःच्या कारभारावर घालवायचे नाहीत. परदेशी देणग्यांना वीस टक्क्यांची मर्यादा आहे, ती २०२० पासून. मकरंदच्या पगारातून जाणाऱ्या पैशाला यातलं काही लागू नाही."

मला तर यातच या पैशाचं मोल दिसतं. कंपन्यांचा दोन टक्क्यांतला पैसा बहुतेक वेळा प्रकल्पाच्या नावाने येतो, त्याच प्रकल्पावर खर्च करावा लागतो आणि प्रकल्पाबरोबर संपतो. परदेशी पैशाला आणखी अटी. कर्मचाऱ्यांच्या खिशातून आलेला पैसा मात्र संस्थेला मोकळा मिळू शकतो. मग त्यालाही आपण 'फक्त वह्यांसाठी', 'फक्त गणवेशासाठी' अशी दोरी का बांधायची?

"कारण मला दिसायला हवं, माझा पैसा कुठे गेला," मकरंद म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

शुभदाने पुतळ्याकडे हात केला. "अण्णांना विचार." महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. हिंगण्याची जागा गणेश गोविंद गोखल्यांनी दिली, आणि बाकीचा संसार अण्णांनी दारोदार फिरून, लहान लहान वर्गण्या गोळा करून उभा केला. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाख रुपये दिले. त्या काळचे पंधरा लाख! त्याबरोबर त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं आणि १९३६ मध्ये मुख्यालयही पुण्याहून मुंबईला गेलं. शुभदाचं म्हणणं, मोठा पैसा स्वतःची इच्छा घेऊन येतो, त्यात वाईट काही नाही, विद्यापीठ त्याच्यावर वाढलं. "पण हिंगण्याचा आश्रम त्याआधी वर्षानुवर्षं चालला तो कुणाच्या जिवावर? ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांच्या."

"आणि पैसा फंड?" काकांनी भर घातली. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना अशी की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. लोकमान्यांनी ती उचलून धरली आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. काकांना हे सांगताना अभिमान वाटत होता, आणि ऐकताना मलाही वाटला.

कराचा विषय मात्र दोन मिनिटांत आटोपला. मकरंदने ८०जीबद्दल, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या करवजावटीबद्दल विचारलं. काका म्हणाले, "तू नव्या करप्रणालीत आहेस ना? मग ती वजावट तुला नाही. जुनीत असतास तर बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर मिळाली असती, तीही मर्यादेत. तेव्हा करासाठी देत असशील तर देऊ नकोस." मकरंद म्हणाला, "करासाठी देत नाहीये." पुढे कुणी तो विषय काढला नाही.

"मग बघायचं तरी काय?" या प्रश्नावर मात्र काका रंगले. त्यांनी मकरंदला सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते, कारण इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. नोंदणीकृत न्यासाला दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये. संस्थेकडे ही दोन पानं तीन वर्षांची मागायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. मुदत ठेवी दरवर्षी फुगतायत आणि मुलांच्या जेवणाचा आकडा आहे तिथेच, असं दिसलं तर कारण विचारायचं. करमाफी हवी असेल तर संस्थेने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग कामावर लावायचा असतो, फार तर १५ टक्के सहज बाजूला ठेवता येतो. इमारतीसाठी साठवत असतील तर तसं सांगतील. "पण ठेव अजिबातच नसेल, तर मला जास्त भीती वाटते," काका म्हणाले. "देणगी दोन महिने आली नाही तर पगार कुठून करणार?" मग विश्वस्तांची नावं बघायची, आणि संस्था जागेचं भाडं त्यांच्यापैकीच कुणाला देते का तेही. "आणि ही पानं मागितल्यावर जे लगेच चहा पाजतात पण पानं देत नाहीत, तिथून उठायचं."

मकरंद म्हणाला, "एवढं बघायचं तर संस्था पुण्यातलीच हवी. पण गरज मेळघाटात जास्त आहे, गडचिरोलीत जास्त आहे. तिथे पाचशे रुपयांत इथल्यापेक्षा जास्त होईल."

यावर आमची दोन टोकं झाली, आणि ती तशीच राहिली. शुभदाच्या मते बांधकामावरच्या मजुरांची मुलं हिंजवडीला मकरंदच्या ऑफिससमोरच राहतात. साइट संपली की कुटुंब हलतं आणि शाळा सुटते. डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था १९८८ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुण्यात आली आणि अशा मुलांसाठीच काम करते, मग मेळघाट कशाला शोधायचा? रफिक उसळला. "जवळचं सगळ्यांनाच दिसतं. पुण्यात एवढ्या कंपन्या आहेत, इथल्या संस्थांना देणारे मिळतील. मेळघाटात धारणीला कोण जाणार बघायला?" त्याच्या बोलण्यात दम होता, मी तसं म्हटलंही. तरीही पहिल्यांदा देणाऱ्याने जाऊन पाहता येईल अशी संस्था घ्यावी, असं मला वाटतं. एकदा आत जाऊन स्वयंपाकघर पाहिलं, मुलांशी बोललं, की पाचव्या वर्षीही द्यावंसं वाटतं. कागदावरची गरज कितीही मोठी असली तरी ती विसरायला वेळ लागत नाही.

मग रफिकने जे काढलं त्याने सगळेच गंभीर झाले. "एक दिवसाचा पगार आम्ही दिला खरा. पण कागद सुपरवायझर घेऊन फिरत होता. नाही म्हणणाऱ्याचं नाव त्याला कळत होतं. आमच्या लाइनवर एक कंत्राटी पोरगा होता, बायको बाळंतपणाला आलेली. त्याने सही केली, कारण कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं." मकरंदने लगेच सांगितलं की त्यांच्याकडे फॉर्म ऑनलाइन आहे, साहेबाला दिसत नाही. रफिक म्हणाला, "मग टीमने किती टक्के भाग घेतला, याचा तक्ता का लावलाय?" तो तक्ता मघाशी मकरंदनेच आम्हाला दाखवला होता.

रफिकचं शंभर टक्के बरोबर आहे. घराचा हप्ता, आईचं औषध, बहिणीची फी यांतून ज्याच्याकडे काही उरत नाही, त्याला कुणापुढे कारण सांगावं लागता कामा नये. दुसऱ्याच्या नजरेच्या धाकाने निघालेला पैसा संस्थेलाही नको असतो, निदान चांगल्या संस्थेला. मकरंदने तो तक्ता काढून टाकायला सोमवारी मेल करायचं कबूल केलं आहे.

अखेर त्याने ग्रामीण भागातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी वसतिगृह चालवणारी एक संस्था निवडली. विद्यार्थी सहाय्यक समिती हे काम १९५५ पासून करते आहे, पण त्याच्या यादीतली दुसरी, लहान आहे. फॉर्ममध्ये पुढचा प्रश्न होता : देणगी कशासाठी? शैक्षणिक साहित्य, भोजन, इमारत, संस्थेच्या गरजेनुसार. मी चौथ्यावर बोट ठेवलं. रफिक म्हणाला, "भोजन लिही, निदान कळेल तरी." मकरंदने जरा वेळ घेतला आणि चौथ्यावर खूण केली.

"आणि नोकरी बदललीस की?" शुभदाने विचारलं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आयटीतली माणसं दोन-तीन वर्षांत कंपनी बदलतात, आणि त्या दिवशी कापणीही थांबते, भरही थांबते. संस्थेने मात्र त्या भरवशावर कुणाला तरी कामावर ठेवलेलं असतं.

मकरंदने पाचशेचे तीनशे केले. नोकरी सुटली तर कंपनीच्या भरीसकट होणारे सहाशे तो बँकेतून स्वतःच सुरू ठेवणार आहे, आणि तेवढे जमतील असं तो म्हणाला. काका पुढच्या शनिवारी त्याच्याबरोबर वसतिगृहात जाणार आहेत, अनुसूची आठ आणि नऊ मागायला.

"आणि पूर आला तर?" रफिकने उठता उठता विचारलं.

"तेव्हा वेगळे देईन," मकरंद म्हणाला. "तू मागायला ये."