तुळशीपाशी येणारा ओटीपी

निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात आपण अद्याप हयात असल्याचे सरकारला पटवून द्यावे लागते. पूर्वी मी त्यासाठी वाळपईला जाऊन यंत्रावर अंगठा टेकवीत असे. परंतु वयाने झिजलेल्या आणि कुळागरातल्या सुपाऱ्या सोलून उरल्यासुरल्या रेषाही गमावून बसलेल्या त्या अंगठ्याला यंत्राने ओळख देणे सोडले, तेव्हा टपाल खात्यात छत्तीस वर्षे काढलेला मी अंगठाछाप होण्याच्याही लायकीचा उरलो नाही. २०२१ पासून मोबाइलला चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो, म्हणून चवथीला आलेल्या नातवाने माझ्या फोनवर ते ॲप घातले. “आजोबा, एकदम सोपं आहे,” असे म्हणत त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला, चार-पाच ठिकाणी बोट टेकवले आणि “समजलं ना?” असे विचारून परत दिला. मी मान डोलावली. (मास्तरांनीच मुलाची पाटी लिहून त्याला शाबासकी द्यावी, तसा तो प्रकार.)

खरी मेख आमच्या घरात होती. वायफायचे यंत्र ओसरीवर, आणि पोफळींच्या गर्दीतून मोबाइलची रेंज उतरते ती फक्त अंगणातल्या तुळशीवृंदावनापाशी. म्हणजे ॲप ओसरीवर चालणार आणि ओटीपी तुळशीपाशी येणार. फोन घेऊन तुळशीकडे जावे तर वायफाय तुटते. आकडे पाठ करून गुडघे सांभाळीत परतावे तर ओटीपीची मुदत संपलेली असते. घरी कोणी नसेल तर आम्ही रजिस्टर पत्रसुद्धा सात दिवस सांभाळून ठेवीत असू. इथे काही मिनिटांत टपाल शिळे! १९७२ मध्ये पिन कोड आला, तेव्हापासून सहा आकड्यांशी माझे कधी वाकडे नव्हते. पण पिन कोड निदान जागचा हलत नसे. ४०३ने सुरू झाला की पत्र गोव्याचे, हे डोळे मिटून सांगता येई.

अखेर मी सिमकार्ड जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातले आणि तो देऊन सौभाग्यवतीला तुळशीपाशी उभे केले. “हा क्रमांक कोणालाही सांगू नका” या सूचनेखालचे सहाही आकडे तिने अशा खणखणीत आवाजात वाचले की शेजारच्या वहिनींनी खात्री करून घेण्यासाठी शेवटचा आकडा पुन्हा विचारला.

आता उरला चेहरा. तो गोलात बसवून डोळे मिचकवा, असा ॲपचा आदेश झाला. मी मिचकावले. पुन्हा आदेश, पुन्हा मिचकावले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हे डोळे एवढे कामाला लागले नव्हते. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून हे सारे पाहत होत्या, त्यांचा काय समज झाला असेल तो असो. सहाव्या खेपेस पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि तेवढ्यात अंगणातून हाक आली,

“अहो, मेसेज आलाय! तुम्ही आहात म्हणे!”